भिंगवाली आणि फुलाचा डबा

नाही गं, घोड्याचा डबा वेगळा. तो बाप्यांचा. मी सांगतेय तो फुलाचा, बायकांचा. तो मागाहून आला. आणि बघ ना, बाप्यांच्या गोळीवर उधळलेला घोडा, आणि बायकांच्या गोळीवर एक गुलाबी फूल. फुलाशेजारी एक बाई खिदळतेय, केस असे उडतायत जसा काही पंखा पाचवर ठेवलाय. म्हणजे घोड्याने धावायचं आणि फुलाने कुंडीत बसून वाट बघायची. लिही गं, लाजतेस काय? सांगणारी मी, हात तेवढा तुझा.

तर ती मेडिकलच्या दुकानातली भिंगवाली. एकोणीस वर्षं त्याच काउंटरमागे उभी. घरात माणसं दोनच, ती आणि तिची आंधळी आई. खरं नाव काय ते तिच्या मालकालासुद्धा चटकन आठवायचं नाही. भिंगवाली का, तर औषधाच्या डब्यात तो घडी घातलेला कागद असतो ना, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा, जो आपण डबा उघडल्या उघडल्या फेकतो, तो ही बया वाचायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत, भिंग लावून. नवीन औषध आलं की दुपारच्या मोकळ्या वेळात स्टुलावर बसून वाचून काढायची आणि मगच फळीवर लावायची. मालक म्हणायचा, "बाई, तू काय परीक्षेला बसणारेस?" ती म्हणायची, "गिऱ्हाईक बसतं ना मालक, त्याच्या वतीने मी वाचते."

फुलाचा डबा घेऊन आला कंपनीचा टायवाला. उन्हाळ्यातसुद्धा गळ्याला टाय, घाम पुसायला वेगळा रुमाल, बोलायला वेगळं हसू. म्हणाला, "ही गोळी म्हणजे क्रांती आहे. बायकांची इच्छा जागी करते."

भिंगवाली म्हणाली, "झोपली कशाने ते कोणी बघितलं का?"

टायवाल्याने ते ऐकलंच नाही. मालकाला म्हणाला, साठ डबे घ्या, तीन महिन्यांत संपवलेत तर कंपनी तुम्हाला बायकोसकट सहलीला नेईल. मालकाने साठ डबे उतरवून घेतले.

भिंगवालीने त्याच दुपारी कागद वाचला. त्यात काय लिहिलेलं? डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. रोज झोपताना घ्या. चक्कर येईल, रक्तदाब उतरेल. रक्तदाबाचं औषध चालू असेल तर आधी विचारा. पाळी गेलेल्या बाईसाठी ही गोळी नाही. आणि इतकं सगळं करून गुण किती, तर थोडा, तोही सगळ्यांना नाही. फूल मोठ्ठं छापलेलं आणि हे सगळं मुंगीच्या पायाएवढं!

तेव्हापासून तिने एक नियम धरला. जिने गिळायची तिने स्वतः यायचं, चिठ्ठी घेऊन. आता गंमत बघ. गोळी बायकांची, पण न्यायला येणार सगळे बाप्ये. आधी खोकल्याचं औषध मागायचे, मग मलमपट्टी, मग इकडेतिकडे बघून मान खाली. एकदा नाक्यावरचा शिंपी आला.

"बाई, ते... फुलाचं द्या एक."

"कोणासाठी?"

"मिसेससाठी."

"त्यांना पाठवा."

"तिला लाज वाटते हो."

"तुम्ही लाज घरी ठेवून आलात, तशी त्यांनाही ठेवता येईल. काय होतंय त्यांना?"

शिंप्याने गळ्यातली टेप चाचपली. मग म्हणाला, "ते मी विचारलं नाही."

"गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप चारदा घेता, आणि घरच्या माणसाला एकदा विचारत नाही? जा, विचारून या."

असे दिवसाला दोन-तीन परत जायचे. डबे जिथल्या तिथे. दोन महिने झाले तसा मालक तापला. "बाई, हे औषधाचं दुकान आहे, शाळा नाही. पुढच्या महिन्यात माल हलला नाही तर तुझ्या जागी दुसरी बघतो." तो खरंच बघेल हे तिला माहीत होतं. पन्नाशीच्या बाईला, जी गिऱ्हाईक परत पाठवते, कोण उभं करणार? तिने आईला काही सांगितलं नाही. पण नियमही सोडला नाही. हट्टी होतीच मुळात.

मग एका दुपारी मालक घरी जेवायला गेला आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी, दुकानात आली. कपाळावर हे एवढं टेंगूळ. इकडेतिकडे बघून पर्समधून पाकिटाचा एक तुकडा काढला. चार गोळ्यांचा, आणि जिथे नाव असतं ती बाजू कात्रीने कापलेली.

"ही कसली गोळी गं? हे रोज रात्री देतात. ताकदीची म्हणाले. माझी रक्तदाबाची चालू आहेच, त्यावर ही. आठवड्यात दोनदा डोळ्यापुढे अंधार आला. परवा तर मोरीच्या कडेवर आपटले."

भिंगवालीने गोळी बघितली. तिच्या पाठीमागे तसल्याच गोळ्यांचे डबे छताला टेकले होते. नाव कापलं म्हणून काय झालं? ताकदीची आहे म्हटलं असतं तर नोकरी राहिली असती. तिने टेंगळाकडे बघितलं, एक डबा फोडला, भिंग घेतलं आणि कागद पहिल्यापासून मोठ्याने वाचला.

वहिनी ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ही कशासाठी?"

"इच्छा व्हावी म्हणून."

"कोणाला?"

"तुम्हाला."

वहिनीला असं हसू फुटलं की काउंटर धरावं लागलं. "अगं, मला इच्छा चिक्कार आहे! भरदुपारी पाय पसरून तासभर झोपायची!" हसता हसता डोळे पुसले आणि आवाज उतरला. "दुखतं गं. पाळी गेल्यापासून. कोरडं पडतं, सोलल्यासारखं होतं. मन होतं कधीकधी, नाही असं नाही. पण दुखायच्या भीतीने मी आधीच भिंतीकडे तोंड करून झोपते."

"मालकांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंय का कधी? दिवा घालवायच्या आधी त्यांचं एकच वाक्य असतं, उद्या चहा लवकर कर."

भिंगवाली खाली वाकली. सगळ्यात खालच्या फळीवर, खोकल्याच्या बाटल्यांमागे एक ट्यूब होती, धूळ बसलेली. "याच त्रासाचं मलम आहे हे. आपल्याच दुकानात पडून असतं, कोणी मागत नाही. पण आधी डॉक्टरणीला दाखवा, ती म्हणाली तरच लावायचं. आणि ही गोळी आजपासून बंद, चक्कर आली तेही तिला सांगा."

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी वहिनी चिठ्ठी घेऊन हजर. गल्ल्यावर मालक. तिने सगळ्यांबरोबर रांग लावली, नंबर आल्यावर चिठ्ठी पुढे केली.

"अहो, पाळी गेल्यावर दुखतं ना, त्याचं हे मलम द्या."

मालकाने वाचलं आणि टोमॅटोसारखा झाला. "घरी बोलू."

"घरी तुम्ही बोलत नाही, म्हणून दुकानात आले."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच दिली ना मी ती गोळी!"

"मग नाव का कापलंत?"

रांगेतल्या सगळ्या माना मालकाकडे वळल्या. मालकाला त्या नजरा सोसेनात. त्याने भिंगवालीकडे बोट केलं. "हिने लावलंय हे सगळं! उद्यापासून येऊ नकोस तू!"

भिंगवालीने ॲप्रनची गाठ सोडायला घेतली. आईला काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"थांब गं," वहिनी म्हणाली. आणि नवऱ्याकडे वळली. "ती जाईल. काही हरकत नाही. मग हे मलम किती लावायचं, कधी लावायचं, कुठवर लावायचं, ते तुम्ही सांगा. दुकान तुमचं ना? सांगा. मी ऐकतेय."

मालकाने ट्यूब उलटी केली, सुलटी केली. कागद उघडला, अक्षर लागेना. चष्मा कपाळावर होता तो खिशात शोधला. रांगेतल्या बायका माना पुढे काढून उभ्या. एक म्हणाली, "मोठ्याने सांगा हो, मलाही घ्यायचंय." दुसरी म्हणाली, "मलाही." तेवढ्यात मागून शिंपी, "मालक, मी घरी विचारलं. आमच्याकडेही तेच निघालं. आता पुढचं सांगणारं माणूस घालवू नका!"

अशी हसली गं सगळी रांग! मालकाने घाम पुसला. मग ट्यूब भिंगवालीच्या पुढ्यात सरकवली आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "तूच सांग." आणि तडक आतल्या खोलीत गेला, बाटल्या मोजायला.

तर अशी राहिली तिची नोकरी. फुलाचे डबे कंपनीला परत गेले. ज्या एक-दोघींना डॉक्टरणीने खरंच ती गोळी लिहून दिली, त्यांच्यासाठी चार ठेवले. गोळीवर तिचा राग नव्हता गं, चोरून देण्यावर होता. मालकाची सहल बुडाली. कोपऱ्यात पडदा लावून त्यामागे एक खुर्ची आली, बायकांना बसून बोलायला. आणि मालक आता येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती काढून सांगतो, बायकांच्या त्रासाकडे या गावात आधी लक्ष दिलं ते मीच.

वहिनीचं? बरी आहे. परवा भेटली तर म्हणाली, हल्ली हे दिवा घालवायच्या आधी विचारतात, आज कसं वाटतंय. मी कधी हो म्हणते, कधी नाही म्हणते, आणि दोन्ही वेळा झोप छान लागते.

झालं लिहून? आता याची घडी घाल आणि तुझ्या मोठ्या मावशीला नेऊन दे. फोनवर ती "मला काही होत नाही" म्हणते, पण आवाज मला कळतो. तिच्याच हातात दे. आणि काका उठून जायला लागले तर त्यांनाही बसा म्हणावं, आणि दोघांना ऐकू जाईल असं वाचून दाखव.