दोन्ही बाजूंचे साहेब

आमच्या घरात साहेब आधी आले आणि नोकरी मागाहून. माझे धाकटे दीर पहिल्यांदा पूर्वपरीक्षा पास झाले, त्या संध्याकाळी सासूबाईंनी लाडाने हाक मारली, "साहेब, जेवायला या." तेव्हापासून त्यांचं खरं नाव घरात कुणी घेतलं नाही. बाजारात तुरी, दुसरं काय. मी एरवी त्यांना भावजी म्हणायचे आणि चिडवायचं असलं की साहेब.

ही परीक्षा काय असते ते मला काही ठाऊक नव्हतं. मी घरी बसून शाळेचे गणवेश शिवते, हे लिफ्ट दुरुस्त करतात. आमच्यात खुर्चीत बसून पगार कुणी घेतलेला नाही. हळूहळू कळत गेलं. पहिली पूर्वपरीक्षा. तिला देशभरातून लाखो मुलं बसतात. चार पर्यायांतला एक निवडायचा आणि चुकला तर कमावलेल्या गुणांतलेही कापले जातात. त्यातून जे थोडे उरतात त्यांची मुख्य परीक्षा, दिवसच्या दिवस मान मोडून लिहायचं. त्यातूनही उरतात त्यांची मुलाखत. टेबलापलीकडे पाच जण, अलीकडे तुम्ही एकटे. बरं, मुलाखतीत पडलात तर मागच्या कष्टांची काही किंमत नाही. पुन्हा पूर्वपरीक्षा, पहिले पाढे पंचावन्न. त्यात बसायच्या संधी मोजक्या आणि वयाची अट वेगळीच.

भावजी पहिल्याच झटक्यात मुलाखतीपर्यंत पोचले. परत आले ते हसतच. जेवताना सांगायला लागले, "त्यांनी विचारलं, नदी चढतेय, काठच्या वस्तीतले लोक हलत नाहीत, धरणवाले म्हणतात धोका नाही. तुम्ही काय कराल? मी म्हटलं, हलवीन. आधी माणसं, मग चौकशी."

"बरोबर बोललास," हे म्हणाले. सासूबाईंनी भावजींच्या ताटात जास्तीचं वाढलं. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

यादीत नाव आलं नाही. या परीक्षेत गुण कळवतात, कारण कळवत नाहीत. मग ही मुलं कारण स्वतःच शोधत बसतात, आणि सापडलं नाही तर बनवतात. भावजींना ते त्यांच्या क्लासच्या सरांनी बनवून दिलं. "तुम्ही सरळ एक बाजू घेतलीत," सर म्हणाले. "अधिकारी दोन्ही बाजू बघतो." सरांनी तरी ते कुठून आणलं, देव जाणे. पण भावजींनी तो शब्द गाठीला बांधला.

त्यानंतरची वर्षं आम्ही श्वास रोखून काढली. त्यांची खोली आणि माझं मशीन यांच्यात एकच भिंत, म्हणून मशीन जिन्याखाली गेलं. माझी मुलगी घरात कुजबुजत बोलायला शिकली; शाळेत बाई म्हणाल्या, हिचा आवाजच येत नाही. भावजी एकदा पूर्वपरीक्षेत अडकले, एकदा मुख्य परीक्षेत. जेवणाच्या टेबलावर मुलाखतीचा सराव चालायचा. सासूबाई मंडळाच्या अध्यक्ष, हे आणि मी सदस्य. मी गळ्यात मोजायची टेप तशीच ठेवून विचारायचे, "साहेब, उद्या भाजी कुठली करू?"

"एका बाजूने पाहता कोबी स्वस्त आहे," ते म्हणायचे, "दुसऱ्या बाजूने घरातल्यांची आवडही लक्षात घ्यायला हवी."

आम्ही पोट धरून हसायचो. पहिल्यांदा तेही हसले. मग एकदा मी सहज, सराव वगैरे काही नसताना विचारलं, "भावजी, चहा टाकू का?" तर ते थांबले. खरंच विचारात पडले आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंनी विचार करता..." चेहऱ्यावर हसू नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी न विचारताच चहा टाकला.

शेवटची संधी आली. पूर्वपरीक्षा झाली, मुख्यही झाली, मुलाखतीचं पत्र आलं. हातातोंडाशी घास होता. या वेळी गेला तर वयाने दार कायमचं बंद, हे घरातल्या लहान पोरीलाही माहीत होतं. आणि त्याच आठवड्यात सासूबाईंच्या पोटात कळ उठली.

दवाखान्यात मी आणि भावजी. हे परगावी कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले, फोन लागेना. डॉक्टरबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "आतडं अडकलंय. आत्ता ऑपरेशन करायला हवं. हृदय कमजोर आहे, टेबलावर काहीही होऊ शकतं. पण थांबलो तर आतडं सडेल. मुलगा कोण? तुम्ही? काय करायचं सांगा."

भावजी उभे राहिले. शर्ट नीट केला. "एका बाजूने पाहता," त्यांनी सुरुवात केली, "हृदयाची जोखीम गंभीर आहे. दुसऱ्या बाजूने, विलंबाचे परिणामही..."

डॉक्टरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला आधी वाटलं, घाबरून बोलतायत. मग त्यांचा चेहरा पाहिला. ते घाबरले नव्हते. उत्तर चांगलं जमतंय असा तो चेहरा होता. आत त्यांची आई कण्हत होती आणि इथे वाक्याला वाक्य सुबक जोडलं जात होतं. मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली.

"करा," मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"सून. करा ऑपरेशन. सही कुठे करू?"

सासूबाई वाचल्या. घरी येताना भावजी शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुम्ही केलंत ते योग्यच. अर्थात, केलं नसतंत तरी त्यालाही एक बाजू होतीच." मुलाखतीच्या तोंडावर माणसाला काय बोलायचं?

मुलाखतीहून आले तेव्हा मीच दार उघडलं. बूट काढता काढता म्हणाले, "त्यांनी विचारलं, आयुष्यात अवघड निर्णय कधी घेतलाय का. मी आईचं ऑपरेशन सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"डॉक्टरांनी विचारलं, काय करायचं. मी दोन्ही बाजू तोलल्या आणि म्हटलं, करा." त्यांनी बूट नीट जोडीने ठेवले. "अध्यक्ष मान हलवत होते, वहिनी."

मला राग यायला हवा होता, आलाही. पण त्याहून वाईट असं काही होतं. ते खोटं बोलताना चोरटे झाले नव्हते. त्यांना बहुतेक खरंच तसं आठवत होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिले.

यादीत नाव आलं. गल्लीतले लोक आले, क्लासच्या सरांनी त्यांचा मोठा फोटो दारावर लावला. सासूबाई रडल्या. हे सगळ्यांना मिठाई वाटत होते आणि मी मशीन जिन्याखालून परत खोलीत आणलं. कुणाला सांगणार, की मला धाकधूक होतेय? नाट लावते म्हणाले असते.

प्रशिक्षण झालं, लांबच्या एका जिल्ह्यात नेमणूक झाली. आता खरोखरचे साहेब. फोन कमी होत गेले. मग परवा भर दुपारी आला. मी कॉलरी शिवत होते. त्यांच्या मागे माणसांचा गलका ऐकू येत होता, कुणी बाई एकसारखी "साहेब, साहेब" करत होती.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "नदी चढतेय. खालच्या वस्तीत हजारभर लोक आहेत. हलवायचं की थांबायचं?"

माझा पाय मशीनवरून निघाला. "भावजी, हे मला काय विचारता? पाणी कुठवर आलंय?"

"त्याबाबत दोन अहवाल आहेत."

"तुम्ही स्वतः बघितलंत का?"

मागची बाई अजून हाका मारत होती.

"हलवा," मी ओरडले. "आत्ता हलवा. पहिल्या मुलाखतीत तुम्हीच सांगितलं होतंत ना? आधी माणसं, मग चौकशी."

"हो," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "पण त्याच उत्तराला तर त्यांनी मला नापास केलं होतं, वहिनी."