काजळीपुरती अक्का

मेहरूणच्या तलावावरून येताना गाडी चढ चढेना, शिवाय डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला. मी गॅरेजवाल्याच्या अंगावरच गेलो. "परवाच सर्व्हिसिंग केलं ना तुम्ही?"

"साहेब, घर ते दुकान, एवढीच फिरते ना गाडी? सायलेन्सरच्या आधी कन्व्हर्टरचा डबा असतो. त्यातली जाळी धूर साफ करते. ती नीट तापलीच नाही की काजळी धरते. हायवेला सलग पळवा, जळून जाईल. धुळ्याला एक फेरी मारून या."

धुळ्याला माझी मोठी बहीण राहते. आई-वडील गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. "वेळच मिळत नाही गं अक्का," हे फोनवरचं ठरलेलं पालुपद. आणि जाळीसाठी मात्र दुसऱ्याच सकाळी निघालो! कामापुरता मामा, ताकापुरती आजी म्हणतात. माझी काजळीपुरती अक्का.

पारोळ्याच्या पुढे गाडी मोकळी झाली, मस्त पळायला लागली. धुळ्याच्या बाहेरूनच वळणार होतो. पण चहाची तलफ आली, म्हटलं, अक्काकडेच घेऊ. म्हणजे तिथंही चहासाठीच, बघा.

हॉर्न ऐकून अक्का बाहेर आली आणि गाडी पाहून तिनं शेजारणीला हाकच मारली, "मना भाऊ उना वं! माले लेवाले उना!"

भाऊ न्यायला आला म्हणे! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आमच्या खान्देशात आखाजीला लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. आई-वडिलांमागे अक्काला न्यायला कोणी गेलंच नव्हतं. कोणी म्हणजे कोण? मीच जायचं होतं ना!

साठी उलटलेली बाई, पण धावपळ अशी की काय सांगू. चहा गॅसवर उतू गेला आणि ही आत पिशवी भरतेय. "अक्का, मी सहजच..." म्हणायला तोंड उघडलं, पण जीभच रेटेना. गुपचूप मोरीत जाऊन बायकोला फोन केला, खोली आवरायला सांगितलं.

परतताना अक्का पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, आणि तोंडाचा पट्टा सुरू. तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. सवयीनं उचलला गेला.

"काय साहेब, दिवा गेला का? म्हटलं नव्हतं, नुसती धुळ्याची फेरी मारा, जाळी साफ होईल म्हणून!"

कट करेपर्यंत तो सगळं बोलून गेला होता. अक्का खिडकीबाहेर बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायचीसुद्धा लाज वाटली.

पारोळा मागे पडल्यावर तिनं विचारलं, "वरीसभरमा परत तुंबस का रे ती जाळी?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. मी कशीबशी होकारार्थी मान हलवली.

"मंग पुढली आखाजीले बी ये," अक्का म्हणाली.