विमानतळावरची भाकरी

आबा आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते. सख्खे भाऊ, मध्ये एकच भिंत, तरी बोलत नव्हते. विहिरीच्या पाळीवरून भांडण झालं आणि माझे वडील म्हणजे आबा रागाच्या भरात बोलून गेले, "आजपासून तुझ्या हातचं पाणी मला वर्ज्य." आमच्याकडं एकदा पाणी तोडलं की बोलणं आपोआप तुटतं. काकू गेल्या तेव्हा आबांनी खांदा दिला. पण सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून भावकी कडू घास, म्हणजे पहिलं जेवण, आणते, तो त्या दिवशी आमच्या घरून गेला नाही. याचा राग मला अजून आहे.

त्या काकांचा एकुलता एक मुलगा दुबईला नोकरीला निघाला होता. मागं घरात काका एकटे. भाकरी करणारं कुणी नाही, आणि सेनगावजवळच्या आमच्या गावात भावकीतलं जवळचं घर आमचंच. आबा हैद्राबादच्या विमानतळावर आले, पण जीपमध्ये बसतानाच त्यांनी सांगून टाकलं, "लेकराला सोडायला येऊन राहिलो. दुसऱ्या कोनासाठी न्हाई." मी तेव्हा हैद्राबादेतच नोकरी करत होते. दोघांना सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

विमानाला वेळ होता. प्रवाशांच्या दाराबाहेरच, तपासणीच्या अलीकडं एक हॉटेल होतं. भिंतींना शेणामातीसारखा रंग, दाराशी मडकी, एका बाजूला बाटल्यांनी भरलेला बार. भरदुपारी माणसं उंच स्टुलांवर बसून पीत होती. ज्वारीची भाकरी मिळते असं फलकावर पाहिलं आणि मी सगळ्यांना आत घेऊन गेले. दोघं समोरासमोर बसले, कारण चौघांचं तेवढं एकच टेबल मोकळं होतं.

वेटरनं आबांपुढं दारूचं कार्ड ठेवलं. आबांनी ते एका बोटानं परत सरकवलं.

"मला भूक न्हाई," ते म्हणाले. पहाटेपासून पोटात फक्त चहा होता.

काका मुलाकडं बघून म्हणाले, "त्यायला सांग, उपाशी राहू नका म्हनाव."

"त्यायला म्हनाव, माझी काळजी नको," आबा मुलाकडंच बघून म्हणाले.

टेबल हातभर रुंद होतं. दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटून गेलं.

भाकरी, पिठलं, ठेचा आला. कुणी हात लावेना. चुलतभावानं हातातला पासपोर्ट खिशात घातला आणि सरळ विचारलं, "मोठे आबा, मी निघून राहिलो. बाबाच्या भाकरीचं काय?"

"सेनगावात हाटेलं न्हाईत का?" आबा म्हणाले.

पोराचं तोंड उतरलं. काका घाईनं म्हणाले, "काहून इचारतो रे? मी टाकीन की खिचडी." आवाज हसरा काढायला गेले आणि तो मध्येच फाटला. आबांनी तो ऐकला. मला ठाऊक आहे, कारण त्यांनी मान खाली घातली. मला मात्र आता कुठल्याही क्षणी ते उठून चालते होतील असंच वाटत होतं. तसं झालं असतं तर काका आयुष्यात आमच्या उंबऱ्याला पाय लावणार नव्हते.

आबा उठले नाहीत. त्यांनी कांद्याच्या चकत्यांची बशी पुढं ओढली, पाहिली, आणि वेटरला हाक मारली. "असा नको. साबूत आन."

वेटरला कळेना. मी हिंदीत समजावलं. त्यानं सोललेला अख्खा कांदा आणला, बहुतेक आमची गंमत बघायला. आबांनी तो टेबलावर ठेवला आणि वरून बुक्की हाणली. ग्लास थरथरले. बारवरची माणसं वळली, दाराशी उभा असलेला बंदूकधारी जवानही दोन पावलं आत आला.

फुटलेल्या कांद्यातला मधला गाभा आबांनी निवडून काढला. शेतात जेवताना तो नेहमी धाकट्या भावाचा, म्हणजे काकांचा असायचा, हे मी लहानपणी बांधावर कितीदा पाहिलं होतं. त्यांनी तो काकांच्या ताटात टाकला. मुलाकडं बघितलं नाही, काही सांगायला लावलं नाही.

काका गाभ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी जग उचलला आणि आबांच्या रिकाम्या पेल्यात पाणी ओतलं. अर्धं टेबलावर सांडलं. जग खाली ठेवायचंही त्यांना सुचेना.

आता आम्ही तिघंही त्या पेल्याकडं बघत होतो. आबांनी ठेचा भाकरीला लावला, घास खाल्ला. तिखट लागलं असेल, तरी पेल्याला हात लावला नाही. दुसरा घास खाल्ला. मग पेला उचलला आणि एका दमात सगळं पाणी पिऊन टाकलं.

"सांजच्याला दिवे लागायच्या आत येत जा," ते भावाला म्हणाले. "मी जेवायचा थांबून राहत न्हाई."