शनिवारचा माणूस

हे मी पाळकसाहेबांना सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच — ती गेली त्याला तीन वर्षं झाली, तिला न कळताच गेली. प्रार्थनेत डोळे मिटले की मी इथपर्यंत येतो आणि विषय बदलतो. देवाशी विषय बदलायचा! असा माणूस मंडळीत धडे कसले देतो, तुम्हीच सांगा?

पण देतो. मिळून काम करण्यावर बोलायचं असलं की गोंदियाच्या आमच्या मंडळीत मलाच पुढे करतात. चौघांनी पक्षाघाताच्या माणसाला बाजेवर घालून येशूकडे नेलं, गर्दीमुळे छप्पर उकलून खाली सोडलं — ही गोष्ट मी रंगवून सांगतो. एकानं कोपरा सोडला असता तर, असं विचारून थांबतो. लोक माना डोलावतात. मी तेवढ्यात घाईघाईनं पुढचं वचन काढतो.

याकोब माझा दोस्त. गायनात आम्ही एकाच पुस्तकात पाहून गायचो. त्याचा आवाज असा खणखणीत की माझा बेसूर झाकून जायचा. त्याला लकवा मारला, उजवी बाजू गेली. तेव्हा पाळकसाहेबांनी याच गोष्टीवर उपदेश केला आणि चौघांची नावं घेतली. प्रत्येकाला एक वार. काम एवढंच — त्याच्या घरी जायचं, त्याच्या बायकोच्या, रूथवहिनीच्या जोडीनं त्याला उचलून दारातल्या खुर्चीत बसवायचं, तासाभरानं परत निजवायचं. तिला एकटीला तो उचलत नव्हता, आणि पडून पडून त्याच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या. शनिवार माझा.

पहिल्या शनिवारी गेलो. उचललं, बसवलं. मला पाहून त्यानं आमचं गीत धरायचा प्रयत्न केला. नुसती घरघर निघाली, लाळ माझ्या बाहीवर सांडली आणि तो रडायला लागला. मला — कसं सांगू — मला किळस आली. दोस्ताची किळस. भीतीही असेल, पण आधी किळस.

पुढच्या शनिवारी गीतांचं पुस्तक काखेत मारून घरून निघालो, तो थेट स्टेशनवर जाऊन बसलो. एक चहा, दोन-चार गाड्या, मग घरी. वर्षभर हेच. कुणाला शंका कशी आली नाही? मी हुशार ना! शुक्रवारवाल्याला बाजारात गाठून याकोबची खबर काढायची, आणि रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत विचारलं की तीच मीठमिरची लावून सांगायची. लोक आमेन म्हणायचे.

आणि रूथवहिनी? ती तिथंच, बायकांच्या बाजूला बसलेली असायची. शेजारणीला याकोबजवळ बसवून तेवढी तासभर यायची. पाळकसाहेबांनी एकदा तिलाच विचारलं, भाऊ वेळेवर येतात ना? मी फरशीकडे पाहत होतो. ती म्हणाली, येतात. तेव्हा तरी मी जायला हवं होतं की नाही? नाही गेलो. उलट निर्धास्त झालो.

याकोबच्या दफनानंतर आठवड्यानं तिच्याकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. वर न पाहताच बोलली.

"भाऊजी, शनिवारी मी एकटीच उचलून पाहत होती. नाही जमे. मंग ते म्हणत, राहू दे, येऊन राहिला असंल तो. त्याइनंच मले सांगून ठेवलं होतं — कोणी इचारलं त आला होता म्हण. त्याले मंडळीत मान खाली घालाले नाही लागली पाहिजे."

त्याचं बोलणं फक्त तिलाच समजायचं. मी काऊन नाही आलो, हे तिनं विचारलं नाही. शनिवारी दुपारपासूनच तो इस्त्रीचा शर्ट अंगात घालून मागायचा, एवढं मात्र सांगितलं. शेवटच्या शनिवारीही मागितला होता.

आता माझे गुडघे गेलेत. मंडळीनं माझ्यासाठीही वार लावतो म्हटलं, मी नको म्हणालो. लोकांना वाटतं, माणूस स्वाभिमानी आहे. घरात दिवसभर कुणाचा आवाज नसतो. संध्याकाळी टीव्ही लावतो, पाहत नाही. फार एकटं वाटतं, आणि कुणी दार वाजवलं तर उठवत नाही.

याकोब सोमवारी गेला. त्याआधीच्या शनिवारी मी प्लॅटफॉर्मवर होतो. हवा चांगली होती, चहाही बरा होता. रविवारी उपासनेत उभा राहिलो आणि सांगितलं, काल याकोब तासभर दारात बसला, मजेत आहे. सगळ्यांनी आमेन म्हटलं. रूथवहिनीनंही म्हटलं.