याच्यात कोणाचा हात हाय?

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात भिंत बघायला थांबणारा माणूस एकच, आणि तो माझा साडभाऊ आहे. बाकीची जनता भिंतीला टेकून तंबाखूचा खर्रा खाते किंवा भिंतीकडे तोंड करून भलतंच काही करते. हा तिच्यासमोर चप्पल काढतो. गेटावरचे सिमेंटचे सिंह, कापसाच्या जिनिंगच्या कमानीवरच्या वेली, दुकानांच्या शटरवर रंगवलेल्या बाया, ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, अशा सगळ्यांचे फोटो काढून खाली ते घडवणाऱ्याचं नाव लिहायचं, हे त्याचं व्रत. त्यासाठी त्यानं एक मंडळ जमवलं. त्यात एक निवृत्त तलाठी आहेत, फोटो स्टुडिओवाल्या एक ताई आहेत, आणि मी आहे, कारण रविवारी मला झोपू द्यायचं नाही असं त्याच्या मेहुणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, परस्पर ठरवलं. वणीला एकदा कोळशाच्या धुळीनं काळा ठिक्कर पडलेला मोर यानं नव्या कोऱ्या रुमालानं पुसला. मोर हिरवा निघाला, रुमाल कायमचा गेला.

घोडं अडायचं ते नावापाशी. कलाकाराचा 'हात' ओळखता आला पाहिजे, असं याचं ठाम मत. त्यामुळे खिशाला पेन, हातात टेप, असा हा कोणाच्याही दारात उभा राहून फौजदारी आवाजात विचारतो, "याच्यात कोणाचा हात हाय?" लोकांना वाटतं, अतिक्रमणवाले आले. बोरी अरबला एकानं स्वतःच्या बापानं घडवलेला हत्ती बिनदिक्कत शेजाऱ्यावर ढकलला, आणि शेजारी भांडायला आला. "अरे, प्रश्न बदल," मी म्हणालो. "तुमी जावई लोक शब्दायले लई भेता," तो म्हणाला. स्वतः त्याच घरचा जावई!

लोहाऱ्याच्या रस्त्याला एका कुंपणभिंतीवर सिमेंटची कापूस वेचणारी बाई होती. कमरेत वाकलेली, ओटी गच्च भरलेली. याचा तिच्यावर भारी जीव. मागच्या घरातल्या म्हातारीला यानं जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा ती "आमचा काई हात नाही, साहेब" म्हणून दार लावून घ्यायची. मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि भिंतीवर लाल खूण आली. पाडायच्या आदल्या संध्याकाळी हा मला घेऊन तिथे गेला. आवाज पार उतरला होता.

"मावशी, उद्या हे जाईन. फोटोखाली मी कोणाचं नाव लिहू?"

म्हातारी खुणेकडे बघत राहिली. "उद्या नक्की तुटते न?"

"हो."

"मंग लिहा. पुंडलिक मिस्त्री. आमच्या घरधन्यानंच केलती. आता कायचं भेव? तुटल्यावर दंड कायले लागते?"

साडभाऊनं खिशातला खडू काढून सिमेंटच्या बाईच्या पायाशी ठळक अक्षरांत नाव लिहिलं.

"मले वाचता येत नाही," म्हातारी म्हणाली. "कोठून कोठपर्यंत हाय?"

यानं तिचं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं. बोटाला लागलेला खडू पुसला जाऊ नये म्हणून मूठ मिटून ती आत गेली.

भिंत सकाळी पडली. रस्ता आता चांगला ऐसपैस झाला आहे. तिथून जाताना साडभाऊ अजून गाडी हळू करतो, आणि मी त्याला का म्हणून विचारत नाही.