मॅडमची मराठी

रायपूरला आले तेव्हा वाटलं होतं, नागपूरहून पाच-सहा तासांचं गाव, त्यात काय परकं असणार. नवऱ्याची नोकरी सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात, तीही कायमची रात्रपाळी. तो यायचा तेव्हा मी शाळेला निघालेली असायची, त्यामुळे आमची गाठ जिन्यात पडायची. मी म्हणायची, "पोहे झाकलेत", तो म्हणायचा, "हं". संसारातला संवाद एवढाच. दुपारी परत यावं तर तो झोपलेला, आणि झोपलेल्या माणसाशी भांडताही येत नाही, हे लग्नाआधी मला कोणी सांगितलं नव्हतं.

दिवस जावा म्हणून मी पुरानी बस्तीजवळच्या एका लहान शाळेत केजीची शिक्षिका झाले होते. पदविकेत बालमानसशास्त्राला चांगले गुण होते माझे. वर्गात गेल्यावर कळलं की बावीस पोरांची नाकं एकाच वेळी वाहू शकतात आणि त्यावर कुठल्याच पुस्तकात धडा नाही. बाकीच्या शिक्षिका जुन्या, आपसांत घट्ट. मधल्या सुट्टीत त्या सदर बाजारातल्या कानातल्यांबद्दल बोलायच्या आणि मी पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसून एकटी डबा खायची. घरून आणलेलं तिखट संपलं त्या दिवशी मला रडूच आलं. जिन्यातल्या त्या पोह्यांपलीकडे दिवसचे दिवस तोंडातून मराठीचा एक शब्द निघत नव्हता.

तिखट संपल्याच्या तिसऱ्या दिवशी फाटकाकडून मराठी ऐकू आली. शाळेचा नियम असा, की आणणाऱ्यांनी फाटकाबाहेर थांबायचं, मूल मदतनीस बाईंच्या हाती द्यायचं आणि मागे न बघता निघायचं. त्या बाईंना सगळे दीदी म्हणत. शिक्षिकेनं वर्गाच्या दारातच उभं राहायचं. तिथून मला एक म्हातारे आजोबा दिसले. "आबा, आबा" करत रडणाऱ्या नातीला सांगत होते, "काहून रडून राहिली वं? मी बारा वाजता येतोच न."

ते गेले, आणि दीदीनं ती पोट्टी माझ्याकडे आणली. चार वर्षांची असेल. रडण्याआधी तिची हनुवटी थरथरायची, मग अख्खी शाळा ऐकायची. मी तिला मांडीवर घेतलं आणि कानाशी हळूच मराठीत बोलायला लागले, "रडू नको बाळा, आबा येतात हं." वर्गात हिंदी नाहीतर इंग्रजी असा हेडमिस्ट्रेसचा दंडक होता. तो मी खुशाल मोडला.

ती आणखी जोरात रडली. मला वाटलं, रडू दे, मोकळी होईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडीवर, पुन्हा मराठी. आमच्या गोठ्यातल्या गाईचं सांगितलं, आईच्या हातच्या पुरणपोळीचं सांगितलं. खरं सांगायचं तर मी तिला समजावत नव्हतेच. मी बोलून घेत होते.

असे आठ-दहा दिवस गेले. रडून रडून ती डबा उलटून टाकायला लागली. हेडमिस्ट्रेसनं मला बोलावून सांगितलं की सोमवारपर्यंत मुलगी बसली नाही तर घरच्यांना पुढच्या वर्षी आणा म्हणून कळवू. त्या दिवशी मी पोरीपेक्षा जास्त घाबरले. ती गेली की सकाळची मराठीही जाणार होती.

दीदी फरशी पुसता पुसता हे सगळं बघत होती. शनिवारी ती म्हणाली, "मैडम, बुरा मत मानना. आप वो दादाजी वाली बोली बोलथो न, तभे जादा रोथे."

मी आजोबांच्या बोलीत बोलले की पोर जास्त रडते म्हणे. मला राग आला. पदविका माझ्याकडे, आणि अक्कल ही शिकवणार. तरी सोमवारी झक मारत करून बघितलं. तिला मांडीवर घेतलं नाही. हिंदीत म्हटलं, रंगों का डिब्बा लाओ, सबको बाँटो. तिनं एक हुंदका दिला, बाहीनं नाक पुसलं आणि डबा घेऊन आली.

मराठी म्हणजे तिचं घर, तिचे आबा. मी शाळेत बसून दर पाच मिनिटांनी तिला घराची आठवण करून देत होते आणि वर त्याला माया म्हणत होते. लाज वाटली मला. थोडा हेवाही वाटला. आठवण आली की रडावं आणि बारा वाजता कोणीतरी न्यायला यावं, हे सुख माझ्या वाट्याला नव्हतं.

त्यानंतर मी तिच्याशी मराठी बोलले नाही. महिन्याभरात ती वर्गाची मुकादम झाली. मी रोज सकाळी दारात उभी राहून फाटकातलं दोन मिनिटांचं बोलणं ऐकायची, आणि दिवस त्यावर काढायची.

दिवाळीआधी पालकांना वर्गात बोलावलं, तेव्हा आबा पहिल्यांदा आत आले. पोट्टी माझं बोट धरून उभी होती. माझं आडनाव असं आहे की ते इकडेही खपतं, तिकडेही. आबांनी अदबीनं हिंदीत आभार मानले आणि म्हणाले, घर में हम लोग मराठी ही बोलते हैं, आपको तो क्या समझेगी.

"आबा, मैडम को आती है," ती म्हणाली.

आबांचा चेहरा उजळला. "हो का जी? मंग काहून बोलल्या नाही इतके दिवस? कोणत्या गावच्या तुम्ही?"

कोणत्या गावच्या तुम्ही. कित्येक महिने हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर जिभेवर आलं होतं. तेवढ्यात बोटावरची मूठ घट्ट झाली म्हणून खाली बघितलं. तिची हनुवटी थरथरत होती. माझ्या तोंडून मराठी निघाली की तिचं ते जुनं रडणं पुन्हा सुरू होणार होतं.

"नहीं आबाजी," मी म्हटलं, "थोड़ा समझ लेती हूँ. बोलते नहीं बनता."

पोरीनं वर माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलले हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण तिनं चुगली केली नाही. हनुवटी थांबली. माझं बोट सोडून तिनं आबांचा हात धरला. फाटकापर्यंत आबा मराठीत विचारत होते आणि ती हिंदीत उत्तरं देत होती.

दुपारी घरी आले तर नवरा झोपलेला. मी त्याच्या उशाशी बसले आणि माझ्या गावाचं नाव एकदा मोठ्यानं म्हटलं. तो कुशीवर वळला, उठला नाही.