रघुकाकांची गिरकी

रघुकाका गेल्याचं सांगायला काकूंनी फोन केला, आणि “सकाळी झोपेतच…” एवढं ऐकू येऊन रेंज गेली. मी फोन घेऊन गच्चीपासून फाटकापर्यंत नुसता धावत सुटलो. काका असते तर खेकसले असते, “धावतोस काय? जागेवर फीर!”

टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन काका कानडी मुलखात, विजयनगरात राहत. मध्यंतरी त्यांच्या गल्लीत संध्याकाळी सगळ्यांची रेंज पडायची आणि बँकेच्या नावाने खोटे मेसेज यायचे. जवळच कुणीतरी बनावट टॉवर चालवतोय आणि आपले फोन फसून त्याला जोडले जातायत, हे काकांनीच ओळखलं. पण ते बोलले मात्र, गल्लीने चोरही ठरवून टाकला… पांडुरंग शिंपी! त्याने गच्चीवर नवी अँटेना लावली होती, एवढाच त्याचा गुन्हा. लोक त्याच्याकडे कपडे टाकेनात, विठ्ठलाच्या भजनात शेजारी बसेनात. “सार, मी काय केलो? पोरीच्या अभ्यासाला इंटरनेट घेतलो की!” तो रडकुंडीला आला होता. आपल्या बोलण्यामुळे हे झालं, हे काकांना फार लागलं.

मग रोज संध्याकाळी काका रस्त्यात उभे राहून, फोन छातीशी धरून, सावकाश स्वतःभोवती फिरू लागले. त्या बनावट टॉवरचा सिग्नल मिळाला की फोन टीं टीं वाजे. आपलं अंग आड आलं की तो मंदावतो, म्हणजे टॉवर पाठीमागे. त्या बाजूला थोडं चालायचं, पुन्हा गिरकी. देवळात एका प्रदक्षिणेला कुरकुरणारा हा माणूस! काकू फाटकातून ओरडत, “पुरे हो! तले केट्टिदे म्हणतील लोक!” डोकं फिरलंय, असं लोक म्हणतही होतेच.

काकांची पाठ पांडुरंगाच्या घराकडे कधीच थांबली नाही. ती थांबली मंगल कार्यालयामागे उभ्या असलेल्या एका बंद गाडीकडे. पोलिसांनी गाडी उघडली, आत यंत्र धडधडीत चालू! त्या आठवड्यात काका भजनाला जाऊन पांडुरंगाला अगदी खेटून बसले. एरवी भजनात पेंगणारे काका त्या दिवशी टाळही वाजवत होते. पांडुरंगाने त्यांना छातीवर फोनसाठी खोल खिसा असलेला शर्ट शिवून दिला. काकांनी तो विरेपर्यंत वापरला, आणि फार खुशीत वापरला.

परवा गेलो तर काकू अंगणात. गारठा होता म्हणून साडीवर तोच शर्ट घातलेला, खिशात फोन, आणि सावकाश गोल फिरत होत्या. मला पाहून लाजल्या. “रेंज गेली रे… हे असंच शोधायचे नं?”

“थांबू नका,” मी म्हणालो, आणि त्यांची फेरी पूर्ण होईपर्यंत फाटकातच उभा राहिलो.